पहिल्या इंजेक्शनआधी विचारायचा प्रश्न

गेल्या दिवाळीनंतर माझ्या बहिणीच्या मुलीने वजन उतरवण्याचे आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले. वय एकतीस, नोकरी हिंजवडीत, पीसीओडी (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) कॉलेजपासूनचा, आणि लग्न फेब्रुवारीत ठरलेले. डॉक्टरांनी चौकशी काळजीपूर्वक केली, हे मान्य केले पाहिजे. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, हे सारे विचारून झाले. लग्नाची तारीखही विचारली गेली, पण ती तोपर्यंत किती किलो उतरतील याचा हिशेब मांडण्यासाठी. मूल कधी हवे आहे आणि तोवर गर्भनिरोधनासाठी काय वापरणार आहात, हे मात्र कोणी विचारले नाही. हा प्रश्न तिलाच पडला, तोही तिसऱ्या महिन्यात, एका केळवणाला समोरचे अर्धे ताट तसेच टाकून उठल्यावर: ‘‘मावशी, हे चालू असताना दिवस गेले तर काय होतं गं?’’

तिला प्रश्न उशिरा पडला, याचा दोष मी तिला देत नाही. त्या एका डॉक्टरांनाही देत नाही, कारण अशीच हकीकत त्यानंतर मी पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंतच्या चार-पाच घरांत ऐकली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की मूल होण्याच्या वयातल्या कोणत्याही स्त्रीला हे औषध लिहून देण्यापूर्वी तिच्या गर्भधारणेचा विचार आणि तिचे गर्भनिरोधन यांची विचारणा झालीच पाहिजे, ती केसपेपरवर लिहिली गेली पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी रुग्णाच्या धिटाईवर न सोडता चिठ्ठी लिहिणाऱ्यावर टाकली पाहिजे.

ही औषधे आपल्याकडे किती वेगाने आली, ते पाहिले की ही निकड कळते. यातले एक औषध म्हणजे सेमाग्लुटाइड; त्याची गोळी मधुमेहासाठी २०२२ मध्ये भारतात आली. टिरझेपटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च २०२५ मध्ये आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी, त्याच वर्षी जूनमध्ये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त इंजेक्शने बाजारात उतरली. महिन्याला पाच आकडी खर्च होता, तेव्हा हे औषध निवडक लोकांपुरते होते आणि त्यांच्या हाताशी बहुधा तज्ज्ञ डॉक्टर असत. किंमत उतरली की औषध गल्लीतल्या दवाखान्यात पोहोचते, जिमच्या प्रशिक्षकाच्या तोंडी येते, आणि लक्ष्मी रोडवर शालू घ्यायला जाण्याच्या आधीच्या कामांच्या यादीतही जाऊन बसते. स्वस्त होणे चांगलेच आहे. मात्र स्वस्त झालेल्या औषधाबरोबर त्याची पथ्ये आपोआप उतरत नाहीत.

यातले मुख्य पथ्य कॅलेंडरचे आहे. सेमाग्लुटाइडचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, म्हणजे शेवटची सुई टोचल्यावर ते शरीरातून जवळजवळ संपायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणूनच गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी ते बंद करावे, असे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. टिरझेपटाइड थोडे लवकर उतरते. त्याचे प्रमाण साधारण पाच दिवसांत निम्मे होते, आणि ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी जून २०२५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ते किमान एक महिना आधी थांबवायचे असते. आता गर्भाच्या बाजूचे कॅलेंडर पाहा. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. पाळी चुकली आहे हे लक्षात येऊन, ‘ताणामुळे असेल’ म्हणून आठ-दहा दिवस वाट पाहून, मेडिकलमधून चाचणीची पट्टी आणेपर्यंत त्यातले बरेचसे दिवस उलटून गेलेले असतात. पाळी अनियमित असलेल्या पीसीओडीच्या मुलीला तर ती चुकली आहे हे कळतही नाही. ‘दिवस गेले की इंजेक्शन बंद करू’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. पट्टीवर दुसरी रेघ उमटली त्या दिवशी इंजेक्शन बंद केले, तरी औषध आणखी महिनाभर अंगात असते.

इतके सांगितल्यावर लगेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे निष्काळजीपणाची जागा घबराटीने घ्यायला वेळ लागत नाही. ही औषधे गर्भाला व्यंग आणतात असे माणसांमध्ये सिद्ध झालेले नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भाची वाढ खुंटणे आणि हाडांची व्यंगे दिसली, पण त्यात मादीचे स्वतःचे खाणे आणि वजन घटल्याचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. माणसांबद्दलच्या माहितीत डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. नॉर्डिक देश, अमेरिका आणि इस्रायल येथील नोंदींवरून त्यात टाइप-२ मधुमेह असलेल्या आणि गर्भधारणेच्या सुमारास सेमाग्लुटाइडच्या गटातील औषध घेतलेल्या ९३८ स्त्रियांच्या बाळांची पाहणी झाली. मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ८.२३ टक्के आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत ७.८३ टक्के निघाले, म्हणजे नजरेत भरावी अशी तफावत दिसली नाही. (दोन्ही आकडे मोठे दिसतात, ते प्रामुख्याने मधुमेहामुळे.) पण ९३८ हा आकडा धीर देण्यापुरता आहे, हमी देण्यापुरता नाही, आणि केवळ वजनासाठी औषध घेणाऱ्या, मधुमेह नसलेल्या स्त्रियांना तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तेव्हा औषध चालू असताना अनवधानाने दिवस गेले तर ते ताबडतोब थांबवावे, स्त्रीरोगतज्ज्ञांना तारखांसह सगळे सांगावे, सोनोग्राफी वेळच्या वेळी करावी. केवळ इंजेक्शन घेतले होते एवढ्या कारणासाठी गर्भपात करून घेण्याला आजच्या पुराव्यात आधार नाही. ही गोष्ट आधी कोणी सांगितलेली नसते, म्हणूनच ती वेळ आल्यावर रात्री अकरा वाजता मोबाइलवर शोधली जाते आणि जे सापडते त्याने झोप उडते.

अनवधानाने दिवस जाण्याची शक्यताही या औषधांनी वाढते, आणि चर्चेत सर्वांत कमी येणारा मुद्दा हाच आहे. वजन पाच-दहा टक्के उतरले की पीसीओडी असलेल्या अनेक स्त्रियांमध्ये बीजकोशातून बीज सुटण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. ज्या मुलीला विसाव्या वर्षापासून ‘तुला दिवस राहायला त्रास होईल’ असे ऐकवले गेले आहे, ती गर्भनिरोधनाकडे गांभीर्याने पाहत नाही, आणि तिची पाळी महिन्याच्या महिन्याला येऊ लागते तेव्हा घरात आनंद होतो. तो रास्तच आहे, पण त्याचा दुसरा अर्थ तिला समजावून सांगितलेला नसतो. त्यात टिरझेपटाइडने आणखी एक गुंता घातला आहे. हे औषध पोट रिकामे होण्याचा वेग कमी करते, त्यामुळे तोंडाने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचे शोषण बिघडते. ५ मिलिग्रॅमच्या पहिल्याच मात्रेनंतर गोळीतील इस्ट्रोजेनची रक्तातील सर्वोच्च पातळी निम्म्याहून खाली आल्याचे कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत नोंदले आहे. म्हणून औषध सुरू केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, गोळीच्या जोडीला कंडोम वापरावा किंवा तांबी, इंजेक्शन यांसारखा पोटातून न जाणारा उपाय निवडावा, असा सल्ला आहे. मात्रा दर महिन्याला चढत जाते हे लक्षात घेतले, तर पहिले कित्येक महिने एकट्या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही, असाच याचा अर्थ होतो. सेमाग्लुटाइडबाबत शोषणाचा असा परिणाम दिसलेला नाही, पण उलट्या आणि जुलाब त्यानेही होतात, आणि उलटीत गेलेली गोळी कोणत्याही औषधाच्या नावाने काम करत नाही.

मग हा प्रश्न विचारला का जात नाही? वेळेची टंचाई हे एक कारण आहे, पण मला ते दुय्यम वाटते. खरे कारण संकोच आहे, आणि तो टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे. समोरची मुलगी अविवाहित असेल आणि शेजारच्या खुर्चीत तिची आई बसली असेल, तर गर्भनिरोधनाचा विषय काढणे म्हणजे तिच्या चारित्र्यावर शंका घेणे, असे आपल्या डॉक्टरांना अजूनही वाटते. ज्या भाषेत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी शंभर वर्षांपूर्वी संततिनियमनावर उघडपणे लिहिले आणि त्यासाठी खटले सोसले, त्या भाषेच्या या शहरात ही स्थिती असावी, हे विचित्र आहे. कायदा या बाबतीत दवाखान्याच्या पुढे गेला आहे. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा गर्भनिरोधन निकामी ठरल्याच्या कलमातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. संसदेला जे लिहिता आले, ते दवाखान्यात बोलता येऊ नये याला काही कारण नाही. विवाहितेच्या बाबतीत संकोचाचे रूप उलटे असते. तिला ‘गुड न्यूज कधी’ हे नात्यातले सगळे विचारतात, पण ‘सध्या चान्स घेताय का’ हे ज्याने विचारायचे तो विचारत नाही.

हे जमण्यासारखे आहे, याचा दाखला याच शहरात मिळतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन देणारे त्वचारोगतज्ज्ञ काय करतात, ते पाहावे. ते औषध गर्भाला निश्चितपणे व्यंग आणते, म्हणून सुरू करण्यापूर्वी गर्भ नसल्याची खात्री करणे, गर्भनिरोधनाबद्दल बोलणे आणि औषध थांबवल्यावर किमान एक महिना थांबायला सांगणे, ही तिथली रीत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला, आई शेजारी असताना किंवा तिला दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगून, चांगला त्वचारोगतज्ज्ञ हे विचारतो आणि कोणी रागावून उठून जात नाही. वजनाची इंजेक्शने आयसोट्रेटिनॉइनइतकी घातक आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. पण तिथे विचारता येते तर इथेही येईल, कारण मुलगी तीच आणि शहर तेच.

पुण्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आईचे गर्भधारणेपूर्वीचे पोषण पुढच्या पिढीचे आरोग्य ठरवते, ही गोष्ट जगाला दाखवण्यात या शहराचा मोठा हात आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास सुरू केला, तो गरोदर बायकांपासून नव्हे, तर अजून दिवस न गेलेल्या विवाहितांपासून सुरू केला, हे त्याचे वेगळेपण. त्या आयांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो. त्यांची बाळे जन्मतः साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमने हलकी. आणि तरीही अंगात चरबीचे प्रमाण राखून असलेली, म्हणजे स्नायू कमी आणि मेद जास्त. दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्या आयांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. आज हिंजवडीत बसणाऱ्या मुलीचे वजन ४२ किलो नाही, बहात्तर असेल. पण वजन जास्त म्हणजे पोषण पुरेसे, हे समीकरण खोटे आहे. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ मुळातच कमी असते. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी उतरते, आणि वर भूक मारणारे इंजेक्शन आले की अर्धी पोळी आणि चार घास भातावर दिवस निघतो. आठ-दहा महिने असे काढून, पंधरा किलो उतरवून ती लगेच आई व्हायला निघाली, तर काट्यावरचा आकडा सुधारलेला असतो आणि लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, प्रथिने यांची गंगाजळी रिती झालेली असते. इंजेक्शन बंद केल्यानंतरचे ते दोन महिने म्हणूनच नुसते औषध उतरण्याची वाट पाहण्याचे नाहीत. रक्ततपासणी करून उणिवा भरून काढण्याचे, फॉलिक ॲसिड सुरू करण्याचे आणि पुन्हा पोटभर जेवायला शिकण्याचे ते महिने आहेत.

यावर डॉक्टर मंडळींकडून एक वजनदार आक्षेप येतो. स्थूलपणा स्वतःच गर्भारपणात धोका आहे. त्याने मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन सगळेच वाढते. मग गर्भधारणेपूर्वी वजन उतरवणाऱ्या औषधाबद्दल भीती कशाला पसरवायची? आक्षेपाचा पहिला भाग निर्विवाद आहे, आणि म्हणूनच ही औषधे तरुण स्त्रियांना देऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या भागात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे उतरलेले वजन उतरलेलेच राहील. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीतल्या ज्या सहभागींचे औषध थांबल्यावर पुढे पाठपुरावा झाला, त्यांचे वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. गर्भारपणात ही ओढ आणखी अडचणीची ठरते. अमेरिकेत बोस्टन परिसरातील रुग्णालयांच्या नोंदींवरून नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भधारणेच्या आधीच्या तीन वर्षांत किंवा तिच्या सुरुवातीला औषध घेऊन सोडलेल्या स्त्रियांचे गरोदरपणात वजन इतरांपेक्षा सरासरी तीन किलोंहून अधिक वाढले, आणि गरोदरपणातील मधुमेह, रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचे प्रमाणही अधिक निघाले. असा नोंदींचा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही, हे खरे. पण ‘औषध सोडल्यावरचे नऊ महिने कसे काढायचे’ याची आखणी औषध सुरू करतानाच लागते, एवढे तरी त्यातून निघते. अशी आखणी कोणाच्या केसपेपरवर मी अद्याप पाहिलेली नाही.

आखणीत वयाचाही हिशेब आहे आणि तो कठोर आहे. सेमाग्लुटाइडची मात्रा पूर्ण चढवायलाच चार महिने जातात, चाचण्यांत दिसलेली घट सव्वा वर्षाहून अधिक काळ औषध घेतल्यावरची आहे, आणि त्यापुढे दोन महिने थांबायचे. एकोणतीस वर्षांच्या मुलीला हा वेळ परवडतो. सदतीस वर्षांच्या स्त्रीला तो परवडेलच असे नाही, कारण तिच्या बाबतीत ते दीड वर्ष बीजांच्या संख्येतून वजा होते. तिला कदाचित थोडे वजन उतरवून लवकर प्रयत्न सुरू करणे अधिक हिताचे असेल. कोणाला काय योग्य, हे फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचे असते, आणि नेमके तेच घडत नाही. इंजेक्शन एका इमारतीत लिहिले जाते, पाळीचे आणि गर्भाचे पाहणारे दुसऱ्या रस्त्यावर असतात, आणि दोघांमधली टपालवाहक स्वतः रुग्ण असते, जिला आपण काय पोहोचवायचे आहे हेच ठाऊक नसते.

मधुमेह असलेल्या स्त्रीबाबत ही फारकत धोकादायक ठरू शकते. तिने ‘बाळासाठी’ म्हणून इंजेक्शन आपल्या मनाने बंद केले आणि त्या जागी दुसरे काही सुरू झाले नाही, तर वाढलेली साखर पहिल्या काही आठवड्यांत गर्भाला जी इजा करते, ती औषधाच्या संभाव्य इजेपेक्षा कितीतरी अधिक निश्चित आहे. तिला औषध सोडायचे नसते, बदलायचे असते, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.५ टक्क्यांखाली आणून मगच प्रयत्न सुरू करायचे असतात.

विक्रीच्या बाजूबद्दल थोडक्यात लिहिते. स्थूलपणा बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या चमत्कारी उपायविरोधी कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत स्थूलपणाचे नाव स्पष्टपणे आहे. तरीही ‘लग्नापूर्वी बारा किलो’ अशी पाटी कुठे दिसत नाही, असे कोणत्याही पुणेकराने छातीवर हात ठेवून सांगावे. ही औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, तेव्हा केमिस्टनेही इंजेक्शनचे पेन देताना दोन महिन्यांची आणि गोळीची सूचना मराठीत छापलेल्या कागदावर हातात द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. आज डब्यातले माहितीपत्रक इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत असते आणि फ्रीजमध्ये पेन ठेवताना ते कचऱ्यात जाते.

आणि हा प्रश्न एकदा विचारून संपतही नाही. बाळंतपणानंतर डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खाऊन झाले, ऑफिसला परतण्याचे दिवस जवळ आले, की तीच मुलगी फ्रीजमध्ये उरलेल्या पेनाकडे पुन्हा पाहू लागते. अंगावर पाजत असताना ही इंजेक्शने घेऊ नयेत असा सल्ला आहे, आणि पाळी परत आलेली नसली तरी त्या काळात दिवस जाऊ शकतात. माझ्या भाचीने आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर शेवटच्या सुईची तारीख स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याखालची ओळ, प्रयत्न केव्हापासून आणि तोवर काय वापरायचे, ही तिच्या डॉक्टरांच्या अक्षरात असायला हवी होती.